प्रस्तावना : जॉयस्टिक व थ्रॉटल यांची निवड आणि जुळवणी

मुंबई–गोवा महामार्गाने पनवेल मागे टाकून दक्षिणेस निघालेल्या वाटसरूला कर्नाळ्याचा सुळका लांबूनच दिसू लागतो. कोकणातल्या बंदरांवरून बोरघाटाकडे चढणाऱ्या मालावर नजर राहावी म्हणून वसलेला हा किल्ला. आणि ती नजर आपल्या ताब्यात असावी म्हणून निजामशाही, पोर्तुगीज, मराठे आणि मोगल अशा सर्वांनी आळीपाळीने त्याच्यावर आपला अंमल बसवण्याची खटपट केली. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने मोगलांच्या हवाली झालेल्या तेवीस किल्ल्यांच्या यादीत कर्नाळ्याचे नाव रुजू आहे, आणि १८१८ मध्ये इंग्रज कर्नल प्रॉथरच्या फौजेने तो घेतल्यावर त्याची लष्करी कारकीर्द संपली. पुढे १९६८ साली पायथ्याचे रान पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले. ज्या सुळक्याच्या कपारींत आग्या मधमाश्यांची मोहोळे लोंबतात आणि ज्याच्या पायथ्याच्या रानात पावसाळ्याच्या तोंडाला तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीत बीळ कोरतो, त्या सुळक्यापासून सरळ रेषेत पंधरा किलोमीटरांच्या आत, उलव्याची टेकडी फोडून आणि नदीचे पात्र वळवून, नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून उतारूंची ये-जा सुरू झाली.

विमानतळ दाराशी आला की विमानाविषयीचे कुतूहल माजघरापर्यंत पोचते, हे ओघानेच आले. पनवेल, खारघर, उलवे या पट्ट्यात संगणकावर विमान चालवण्याचा, त्या मंडळींच्या बोलीत सांगायचे तर ‘सिम उडवण्याचा’, नाद असलेले विद्यार्थी, बँकेतले कारकून, निवृत्त अभियंते असे नाना परींचे लोक मला भेटत असतात, आणि त्या सर्वांची एक मनीषा समान असते : घराजवळच्या त्या ३,७०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर विमान आपल्या हाताने उतरवावे. कीबोर्डच्या साहाय्याने हा उद्योग आरंभला की थोड्याच वेळात ध्यानात येते, की कळ एक तर दाबलेली असते किंवा सुटलेली असते, आणि विमानाला हवे असते ते या दोहोंच्या मधले काहीतरी. मग ‘कोणती जॉयस्टिक घेऊ?’ हा प्रश्न येतो. प्रस्तुत पुस्तिका त्या प्रश्नाच्या निमित्ताने सिद्ध झाली आहे. परंतु तो ज्या रूपात विचारला जातो त्या रूपात त्याचे उत्तर देता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणते विमान उडवणार, कोणत्या मेजाशी बसणार आणि कोणत्या हाताने दांडा धरणार, या तीन बाबींचा खुलासा झाल्याविना केलेली शिफारस ही रोग्याची नाडी न पाहता दिलेल्या औषधासारखी होय.

हा विषय पोरखेळाचा आहे, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. जमिनीवर बसून उड्डाणाचा सराव करण्याची युक्ती संगणकाच्या पुष्कळ आधीची. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी पियानो आणि ऑर्गन घडवणाऱ्या कारखानदाराच्या मुलाने, एडविन लिंक याने, १९२९ साली ऑर्गनचे भाते आणि हवेच्या झडपा वापरून एक ठेंगणे लाकडी विमान तयार केले. आपल्याकडे पायपेटीचा भाता ज्या तत्त्वाने चालतो त्याच तत्त्वाने ते दांड्याच्या हुकमाबरहुकूम डावे-उजवे कलत असे आणि नाक वर-खाली करत असे. जत्रेतल्या करमणुकीपलीकडे त्याला प्रथम कोणी फारशी किंमत दिली नाही. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याची कामगिरी आली, खराब हवेत त्यांचे बळी पडू लागले, तेव्हा कोठे सरकारने ही यंत्रे विकत घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या लाखो वैमानिकांचा हात त्यांवर बसला. ब्रूस आर्टविक याने इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली लिहिलेल्या प्रबंधातून उगवलेला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने बाजारात आणलेला फ्लाइट सिम्युलेटर हा त्याच घराण्यातला. त्याच्या २०२० आणि २०२४ च्या आवृत्त्या, एक्स-प्लेन, फुकट मिळणारा फ्लाइटगिअर, लढाऊ विमानांसाठी डीसीएस, ही सारी आजची हयात पिढी. डीसीएस वगळता या पिढीत पृथ्वीचा सारा मुलूख पडद्यावर उतरतो, म्हणून कर्नाळ्यावरून घिरट्या घालता येतात आणि अभयारण्यातला एकही पक्षी दचकत नाही. सुळका मात्र पुष्कळदा बोथट दिसतो. भूपृष्ठाच्या उंचीची नोंद कित्येक मीटरांच्या अंतराने घेतलेली असली, की एवढा अरुंद कडा दोन नोंदींच्या मध्ये विरघळून जातो. तो पाहून हिरमुसू नये.

आता मुख्य विषयाकडे वळू. या पुस्तिकेतील सर्व प्रकरणांच्या बुडाशी एकच प्रतिपादन आहे, आणि ते असे : जॉयस्टिकची परीक्षा तिच्या मध्यबिंदूपाशी होते. विक्रेता दांडा टोकापर्यंत फिरवून दाखवतो, खोक्यावर बटणांची संख्या ठळक छापलेली असते, आणि नवखा गिऱ्हाईकही दांडा जोराने इकडून तिकडे हलवून त्याच्या मजबुतीची खातरजमा करतो. पण प्रवासी विमान धावपट्टीच्या दिशेने उतरत असताना वैमानिकाचा हात दांड्याच्या एकंदर प्रवासातला मधला लहानसा भागच वापरत असतो. त्या भागात दांडा अडखळला, तेथे त्याला सैलपणा असला, किंवा सोडून दिल्यावर तो दर वेळी निराळ्या ठिकाणी येऊन थांबला, तर उरलेल्या प्रवासातली सफाई कवडीमोल ठरते. निवडीचे आणि जुळवणीचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

मध्यबिंदू चांगला असण्यास तीन अवयव कारणीभूत होतात : दांड्याचे स्थान मोजणारा सेन्सर, दांडा ज्यावर झुलतो ती बिजागरी, आणि त्याला परत मध्यावर आणणारी स्प्रिंग. स्वस्त दांड्यांत सेन्सर म्हणून कार्बनच्या पट्टीवर घासणारा काटा असतो. रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याच्या जुन्या खुंटीत असे तोच. ही पट्टी सर्वांत जास्त झिजते ती मधोमध, कारण काटा आयुष्यभर तेथेच घुटमळतो, आणि आमच्या कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या दमट हवेत त्यावर धूळ चिकटून आकडा थरथरू लागतो. दुसऱ्या प्रकारात दांड्याला चुंबक जोडलेला असून त्याच्या क्षेत्रातला फरक, काहीही न घासता, टिपला जातो. एडविन हॉल याने १८७९ मध्ये लावलेल्या शोधावर ही योजना आधारलेली आहे. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम ही तुलनेने बेताच्या किमतीत असा सेन्सर देणारी स्टिक म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तिच्या नावातला आकडा ती दांड्याच्या प्रवासाच्या किती पायऱ्या ओळखते त्याचा निदर्शक आहे. जुन्या आठ बिटी यंत्रात त्याच प्रवासाच्या अवघ्या २५६ पायऱ्या पडत. पनवेलसारख्या ठिकाणी राहणाऱ्याने चुंबकी सेन्सरखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करू नये, असे मी बेधडक सांगतो. बटणे चार कमी मिळाली तरी चालतील.

बिजागरी आणि स्प्रिंग यांची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण ती खोक्यावर छापलेली नसते. सेन्सर कितीही सूक्ष्म असला तरी दांडा ज्या प्लॅस्टिकच्या गोळ्यावर टेकला आहे तो मध्यावर किंचित चिकटत असेल, तर हालचाल सुरू करण्यास जोर लावावा लागतो, तो जोर सुटला की दांडा हवा त्याहून पुढे जातो, आणि विमान सापासारखे वळवळत धावपट्टीकडे जाते. ए-१० विमानाच्या दांड्याची हुबेहूब प्रतिकृती असलेली थ्रस्टमास्टरची वॉर्थॉग धातूची, भारदस्त आणि महाग. तरी तिच्याविषयी जाणकारांची जुनी तक्रार नेमकी हीच आहे, आणि कित्येक जण ती उघडून आतले ग्रीस बदलून घेतात. व्हीकेबी, व्हर्पिल यांसारख्या लहान कारखानदारांनी या अवयवावरच मेहनत घेतली आहे. त्यांच्याकडे स्प्रिंग बदलता येते, काहींत मध्यावरची खाच जाणवावी की न जाणवावी याचीही मुभा असते. हेलिकॉप्टर उडवणाऱ्याला तर स्प्रिंग नकोच असते. त्याच्या दांड्याने जेथे ठेवला तेथे राहावे.

कोणते विमान, हा प्रश्न आता घेऊ. नवी मुंबईच्या एकाच धावपट्टीवरून इंडिगोची एअरबस उडते आणि अकासाची बोइंगही उडते. पण पहिलीच्या वैमानिकापुढे मेज मोकळे असून दांडा बाजूला, कप्तानाच्या डाव्या हाताशी, लहानसा उभा असतो, तर दुसरीच्या वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमध्ये मोटारीच्या स्टिअरिंगसारखा, पण अर्धवर्तुळाकार योक असतो. सौदामिनी देशमुख या मराठी वैमानिकेने १९८५ साली कोलकाता–सिल्चर मार्गावर केवळ स्त्री-वैमानिकांनी चालवलेल्या फोकर विमानाचे नेतृत्व केले, पुढे बोइंग ७३७ आणि त्यानंतर एअरबस ए-३२० हाताळली. म्हणजे दोन्ही हातांनी धरण्याच्या योकपासून एका मनगटाने हलवण्याच्या दांड्यापर्यंतचा सारा प्रवास एका कारकिर्दीत झाला. शिकाऊ विमानांतही हाच भेद आहे. सेसना १७२ मध्ये योक आहे. गोंदियाच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेतील डायमंड डीए-४० मध्ये पायांमधून वर आलेला दांडा आहे. ओझरच्या कारखान्यात बांधल्या गेलेल्या मिग-२१ आणि सुखोई-३० या लढाऊ विमानांत तर दांड्यावाचून दुसरे काही संभवतच नाही. म्हणून ज्याला मुख्यतः सेसना किंवा बोइंग उडवायची आहे त्याने योक घेण्याचा विचार अवश्य करावा. ज्याचे मन अजून ठरलेले नाही त्याने दांडा घ्यावा, कारण दांड्याने योकचे काम निभावते, परंतु योकने मिग उडवणे हे दिव्य आहे.

हाताविषयी पुष्कळ लोक बेफिकीर असतात. बहुतेक दांड्यांची मूठ उजव्या हातासाठी घडवलेली असते, आणि एअरबसच्या कप्तानाच्या जागी बसणाऱ्याला ती डाव्या हातात धरावी लागते. तेव्हा दोन्ही हातांना चालेल अशी, सुटे भाग बदलता येतील अशी मूठ निवडावी, किंवा सरळ उजव्या बाजूच्या सहवैमानिकाच्या जागी बसावे. दुसरा मार्ग फुकटचा आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

थ्रॉटलविषयी, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-अधिक करणाऱ्या साधनाविषयी, मला अधिक विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण त्याची उपेक्षा फार होते. दांडा सोडला की परत येतो. थ्रॉटल सोडला की ठेवला तेथे राहतो. एकाला स्प्रिंग हवी, दुसऱ्याला घर्षण हवे. स्वस्त जॉयस्टिकच्या पायथ्याशी बोटभर लांबीची सरकपट्टी थ्रॉटल म्हणून दिलेली असते. तिच्या एवढ्याशा प्रवासात इंजिनाची सारी शक्ती कोंबलेली असल्यामुळे तीत दोन टक्क्यांचा फरक करू पाहावा तर दहा टक्क्यांचा होतो. आणि धावपट्टीवर उतरण्याचे काम तर बहुतांशी दोन-दोन टक्क्यांचेच असते. तीन अंशांच्या नेहमीच्या उतारावरून १४० नॉट वेगाने येणाऱ्या विमानाने मिनिटाला सुमारे ७०० फूट खाली यावे लागते. नाक योग्य जागी धरले आणि शक्ती योग्य ठेवली की हा आकडा आपोआप जमतो, आणि शक्ती चुकली की नवखा माणूस ती चूक दांड्याने दुरुस्त करू पाहतो, वेग हरवतो, मग घाबरून थ्रॉटल टोकापर्यंत लोटतो. सिममधली कित्येक अयशस्वी अवतरणे, ज्यांचे खापर जॉयस्टिकवर फुटते, ती वस्तुतः थ्रॉटलची असतात.

ही गोष्ट केवळ खेळापुरती नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. इंजिने किमान शक्तीवर असताना वेग घटत गेला आणि शक्ती वाढवण्याची हालचाल फार उशिरा झाली, असे त्या दुर्घटनेच्या चौकशीत पुढे आले. एअरबसमध्ये स्वयंचलित यंत्रणा शक्ती कमी-अधिक करते तेव्हा थ्रॉटलचा दांडा स्वतः हलत नाही. बोइंगमध्ये तो डोळ्यांदेखत पुढे-मागे सरकतो. घरगुती वैमानिकासाठी या भेदाचे एक व्यावहारिक फळ आहे. घरचा थ्रॉटल, क्वचित मिळणारी मोटार बसवलेली महागडी यंत्रे सोडली तर, आपणहून हलत नाही. म्हणून पडद्यावरच्या बोइंगमध्ये स्वयंचलित थ्रॉटल बंद करताच विमान तुमच्या मेजावरच्या दांड्याची जागा प्रमाण मानते, आणि तो पाठीमागे विसरून राहिलेला असेल तर इंजिने क्षणार्धात मंदावतात. बंद करण्यापूर्वी दांडा साधारण त्या वेळच्या शक्तीच्या जागी आणून ठेवण्याचा शिरस्ता पाळावा. एअरबसमध्ये ही अडचण पुष्कळ कमी जाणवते : उड्डाणानंतर दांडा चढणीच्या खाचेत ठेवला की जमीन वीस फुटांवर आल्यावर ‘रिटार्ड’ असा पुकारा होईपर्यंत तो सहसा तेथेच राहतो. याच कारणास्तव, एकच थ्रॉटल असलेल्या नवशिक्याला मी बोइंगपेक्षा एअरबस सुचवतो.

एअरबसच्या थ्रॉटलला शून्य, २५, ३५ आणि ४५ अंशांवर खाचा आहेत, आणि त्या बोटाला जाणवल्या नाहीत तर नजर सारखी खाली वळते. थ्रस्टमास्टरच्या टीसीए मालिकेत या खाचा यंत्रातच घडवलेल्या आहेत. ज्यांच्या थ्रॉटलला त्या नाहीत त्यांनी निदान विमानाच्या आतल्या जुळवणी-पानावर, जसे फ्लायबायवायरच्या फुकट मिळणाऱ्या ए-३२० मध्ये आहे, प्रत्येक खाचेची हद्द नोंदवून घ्यावी आणि दोन हद्दींमध्ये पुरेशी रिकामी जागा सोडावी. शून्याच्या मागे उलट-शक्तीचा भाग येतो. सिमच्या यादीत थ्रॉटलच्या अक्षासाठी दोन निराळ्या नोंदी असतात, एक शून्यापासून शंभरपर्यंतची आणि दुसरी उलट भागासह. दुसरी चुकून लागली की दांडा अर्ध्यावर असताना इंजिन किमान शक्तीवर दिसते आणि पाठीमागे ओढताच उलट-शक्तीचा हुकूम सुटतो. ‘माझा थ्रॉटल बिघडला’ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मंडळींपैकी बऱ्याच जणांचा मामला एवढ्यावर मिटतो.

निवड झाली म्हणजे अर्धे काम झाले. आणि जुळवणीचे पहिले कलम संगणकात नसून मेजावर आहे. आपल्याकडची मेजे लिहिण्याच्या उंचीची असतात. त्यांवर आणखी वीतभर उंचीचा दांडा ठेवला की कोपर हवेत लोंबते, खांदा आखडतो, आणि बारीक हालचालीचे काम मनगटाऐवजी दंडावर येऊन पडते. हात कोपरापासून मनगटापर्यंत टेकलेला असावा आणि मूठ मांडीच्या वर चार बोटे अशा उंचीस यावी, असा साधारण दंडक आहे. त्यासाठी परदेशी बनावटीचे लोखंडी आधार मिळतात. तथापि पनवेलच्या कोणत्याही सुताराकडून खुर्चीच्या हाताला शिकंज्याने आवळता येईल अशी फळी करून घेतली तरी काम होते, आणि खर्चही किरकोळ लागतो. दांडा बुडाशी हलता कामा नये. ज्याचा पायाच सरकतो त्याचा मध्यबिंदूही सरकतो, आणि मग सेन्सरच्या सोळा हजार पायऱ्यांना काही अर्थ उरत नाही. दांडा मुठीत आवळू नये, बोटांत धरावा. इतके सांगूनही नवखे लोक पहिल्या वादळी हवेत तो आवळतातच.

मेज आणि खुर्ची यांचा बंदोबस्त झाल्यावर यंत्राची जुळवणी. प्रथम विंडोजच्या गेम-कंट्रोलर पानावर दांडा चारही टोकांना नेऊन कॅलिब्रेशन करावे, मात्र ज्या कारखानदाराने त्यासाठी स्वतःचे साधन दिले आहे तेथे तेच वापरावे. दोन्ही ठिकाणी केलेली जुळवणी एकमेकींवर चढते आणि गोंधळ होतो. यूएसबीचे पोर्ट वीज वाचवण्यासाठी झोपी जाऊ नयेत अशी तजवीज विंडोजमध्ये करून ठेवावी, कारण उड्डाणाच्या मध्येच थ्रॉटल नाहीसा होण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. मग डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीचा तो पट्टा ज्यात हालचाल झाली तरी विमान ती मोजत नाही. तो किती ठेवावा याविषयी ऐकीव आकड्यांवर विसंबू नये. दांडा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, पुढून आणि मागून हलकेच आणून सोडावा, प्रत्येक वेळी पडद्यावर उरणारा आकडा पाहावा, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याहून किंचित अधिक डेडझोन ठेवावा. चुंबकी सेन्सरच्या धडधाकट दांड्याला एखादा टक्का पुरतो. झिजलेल्या कार्बनी दांड्याला चार-पाच टक्के लागतात, आणि त्याहून अधिक लागू लागले तर तो दांडा निवृत्त करण्याची वेळ आली असे समजावे.

डेडझोनच्या पुढचे प्रकरण कर्व्हचे, आणि येथे मतभेदाला जागा आहे. खऱ्या विमानात पायांमधून येणारा दांडा सुमारे अर्धा मीटर लांब असेल, तर वीस अंश कलताना त्याची मूठ जवळजवळ १७ सेंटिमीटर सरकते. मेजावरच्या दहा सेंटिमीटरांच्या दांड्याची मूठ तेवढ्याच अंशांत जेमतेम साडेतीन सेंटिमीटर सरकते. म्हणजे हाताची तीच थरथर मेजावर पाचपट मोठी होऊन विमानाला पोचते. यावर उतारा म्हणून मध्याजवळ मंद आणि टोकांकडे तीव्र होत जाणारा वक्र लावतात, आणि तो लावण्याचा मोह अनावर असतो. पण हिशेब पाहा : नेहमीच्या घनाकार सूत्राने तीस टक्के वक्रता ठेवली तर मध्याजवळचा प्रतिसाद सत्तर टक्क्यांवर येतो खरा, परंतु टोकाशी तोच एकशे साठ टक्के होतो. मध्यावर वाचवलेली प्रत्येक कवडी टोकाला व्याजासह वसूल केली जाते. ज्या वैमानिकाने विमानाची ट्रिम, म्हणजे दांडा न धरताही नाक हवे तेथे राहील अशी जुळवणी, नीट केली नाही, आणि नाक सरळ राहावे म्हणून दांडा सारखा अर्ध्याच्या बराच पुढे ओढून धरला आहे, तो नेमका त्या तीव्र भागात वावरत असतो, आणि कर्व्ह वाढवत गेला तसतसे विमान अधिकच अवखळ का होते याचा त्याला उलगडा होत नाही. म्हणून आधी ट्रिम शिकावी, मग मेजाची उंची पाहावी, दांड्याला लांबी जोडता येत असेल तर जोडावी, आणि इतके करूनही गरज उरली तर दहा-पंधरा टक्क्यांचा कर्व्ह लावावा. तंबोऱ्याच्या जवारीचा दोरा जसा केसभर सरकवून ऐकतात आणि पुन्हा केसभर सरकवतात, तसेच हे काम आहे. एका बैठकीत दोन गोष्टी बदलल्या की कोणत्या बदलाने काय साधले हे कळेनासे होते. ए-३२० साठी मात्र कर्व्हची गरज सहसा नसते, कारण त्या विमानाचा संगणकच दांड्याचा हुकूम तोलूनमापून पुढे पाठवतो.

रडरविषयी थोडक्यात. दांडा पिळून शेपटीचे पाते हलवण्याची सोय बहुतेक जॉयस्टिकमध्ये असते. पिळताना मूठ नकळत कलतेच, म्हणून या अक्षाला इतरांहून मोठा डेडझोन द्यावा. बाजूच्या वाऱ्यात उतरण्याची खरी आवड निर्माण झाली की पेडल घ्यावीत, आधी नाही. दांड्याला मोटारीने जोर देणारी यंत्रे मोठ्या आनंदाची असतात, पण सर्वसाधारण गृहस्थाच्या मिळकतीत बसत नाहीत. बटणांची वाटणी ज्याची त्याने करावी. ऑटोपायलट तोडण्याचे बटण अंगठ्याखाली असावे एवढाच माझा आग्रह.

किमतीची कैफियत अशी, की चार-पाच हजारांच्या लॉजिटेकपासून चाळीस-पन्नास हजारांच्या जोडीपर्यंत पसारा आहे आणि परदेशातून मागवलेल्या वस्तूंवर जकात निराळी पडते. शक्य असेल त्याने मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात किंवा एखाद्या परिचिताकडे जाऊन दांडा प्रत्यक्ष हातात घ्यावा, डोळे मिटून मध्यावरून केसभर इकडे-तिकडे न्यावा, आणि तो अडखळला तर दुकानदाराच्या स्तुतिस्तोत्राकडे कानाडोळा करावा. हातात रक्कम मर्यादित असेल तर मधल्या किमतीचा चुंबकी दांडा, स्वतंत्र थ्रॉटल आणि सुताराची फळी, हा माझा कौल. सर्वांत महाग दांडा आणि पायथ्याची सरकपट्टी ही जोडी मला केव्हाही विजोड वाटते.

येथे एक खुलासा नोंदवून ठेवतो. घरच्या मेजावर घालवलेले तास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या दप्तरी परवान्यासाठी धरले जात नाहीत. त्यासाठी मान्यताप्राप्त यंत्र आणि मान्यताप्राप्त शिक्षकच लागतो. परवान्याच्या आशेने कोणी ही पुस्तिका हाती घेतली असेल तर त्याने आपले पैसे एखाद्या उड्डाण-शाळेच्या शुल्कासाठी राखून ठेवावेत. बाकीच्यांना विनंती इतकीच, की पुढील प्रकरण उघडण्यापूर्वी सर्व कर्व्ह शून्यावर आणावेत, डेडझोन वर सांगितल्या रीतीने मोजून घ्यावा, आणि खुर्चीची उंची ठरवून टाकावी. पहिल्या प्रकरणातील सर्व आकडे हे तिन्ही झाले आहे असे गृहीत धरून दिलेले आहेत.

कर्नाळा, पनवेल